एका खोडाला एकच पील

कुंदाबाईला दयामाया म्हणून ठाऊक नव्हती. रावेरकडच्या आमच्या गावात मी तिची शेजारीण, शेतालाही बांध एकच, म्हणून तोंडावर बोलते. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं केळीची बाग सांभाळली, हे खरं. पण हातात विळा आला की त्या बाईकडे बघवत नसे.

केळीच्या बुडाशी पिलं फुटतात. सगळी ठेवली तर घड बारीक येतो. म्हणून एक दांडगं पील ठेवायचं, बाकीची कापायची. पण नुसतं वरून छाटून भागत नाही. केळीचं जे खोड दिसतं ते खोडच नव्हे, एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. खरं खोड जमिनीतला कंद, वाढीचा कोंब तिथं. वरून कापलं तर चार दिवसांत हिरवी सुरळी पुन्हा वर. म्हणून कुंदाबाई कापलेल्या पिलाच्या मधोमध रॉकेल सोडायची. "आता ये बघू वर!" म्हणायची.

घरातही तिनं हीच रीत चालवली. लेकरं दोनच, हितेंद्र आणि मोहिनी. दूधतूप हितेंद्रला. मोहिनी हुशार, तिला बाई व्हायचं होतं शाळेत. दहावी झाली आणि आईनं तिची शाळा बंद केली. "एका खोडाला एकच पील," म्हणे! पण पोरगी चिवट. मैत्रिणींची पुस्तकं मागून आणून माझ्या ओट्यावर बारावीचा अभ्यास करायची. कुंदाबाईला कळलं, तशी ती बागेतला डबाच घेऊन आली. पुस्तकं अंगणात फेकली, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. मी ओरडले, "अगं बाई, पोटची आहे ना ती!" मोहिनी रडली नाही. नुसती बघत राहिली. त्याच लग्नसराईत तिला शिरपूरला देऊन टाकलं.

औंदा हितेंद्रनं जळगावात बंगला बांधला. कुंदाबाईचं उठता-बसता एकच, "माझी खोली खालीच असेल, गुडघे दुखतात ना." गाठोडंही बांधून ठेवलं. सामान न्यायला हितेंद्र बायको-लेकीला घेऊन आला. टेम्पो भरेपर्यंत नात भाविका परसात शाळेच्या पाठाचं विचारत बसली.

"आजी, घड उतरवल्यावर केळ अर्धीच का कापतात?"

"केळ एकदाच घड देते, बाळा. मग तिचं काम संपलं. पण अर्धं खोड उभं ठेवायचं. त्यातलं सत्त्व खाली उतरतं, पिलाला मिळतं. मग खोड आपोआप वाळतं."

"मग पप्पा बरोबर म्हणतात. तू इथंच राहायचं, बागेवर लक्ष ठेवायला."

कुंदाबाईनं लेकाकडे पाहिलं. हितेंद्र टेम्पोची दोरी आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. टेम्पो गेला, गाठोडं ओट्यावरच राहिलं.

भोग मेले आपल्या कर्माची फळं, असंच आलं माझ्या मनात. तरी तिचं तोंड बघवेना. मीच मोहिनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून कुंदाबाईच्या हातात दिला.

"मोहिनी, माय माझी, मला घेऊन जा. पोटच्या पोरीला आईची माया नाही येणार तर कुणाला गं?"



"आई," मोहिनी शांतपणे म्हणाली, "रॉकेल टाकल्यावर पुन्हा फुटत नाही. तूच शिकवलंस."

कुंदाबाईनं फोन मला परत दिला आणि गाठोडं सोडायला बसली.