मगर आली की

सुमे, माझ्याजवळ बसली आहेस असं समज आणि आधी बोलणी खा. कॉमिक्सवरचा नवा सिनेमा न बघताच नावं ठेवतेस? म्हणे, "आपल्या कॉमिक्सची पार वाट लावली!" अगं, मी काल एकटीच बघून आले. पडद्यावर मगर आली आणि माझ्या रांगेतल्या पोरींनी झटकन पाय खुर्चीवर घेतले. लहानपणी खाटेवर कॉमिक्समधलं मगरीचं पान उलटताना आपण दोघी बहिणी घ्यायचो, अगदी तस्सेच! मगर आता कॉम्प्युटरवर काढलेली, पण भीती तीच, ताजी. गोष्ट नव्यानं केली म्हणून आपली जुनी पानं कोण फाडून नेतंय? उलट मगरीला घाबरणारी नवी माणसं मिळाली. फक्त एकटीनं घाबरण्यात मजा नाही गं. लवकर ये राहायला, पुन्हा जाऊ.