कुशाबानं वादळ तपासलं

...तर किल्ली काही कुशाबानं दिली नाही. काल इथवर आलो आणि जेवणाची हाक आली, त्यामुळं तो हितेंद्र बिचारा कालपासून दारात हात पुढं करून उभाच आहे. त्याला आता हात खाली घेऊ द्या.

काल जे नव्हते त्यांना सांगतो. हितेंद्र म्हणजे परळच्या मोरेश्वर चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. चाळिशीचा, तुळतुळीत दाढी केलेला, शर्टाच्या खिशात दोन दोन मोबाइल. सकाळी पालिकेची गाडी भोंग्यावरून ओरडून गेली होती, की समुद्रातलं वादळ किनाऱ्याकडं सरकतंय, दुपारनंतर जमिनीला लागेल, जुन्या चाळीतल्या लोकांनी शाळेत जाऊन बसावं. त्याला हितेंद्रनं आपल्या पदरचं एक शेपूट जोडलं. जाताना प्रत्येकानं खोलीची किल्ली कमिटीच्या ऑफिसात ठेवायची. पत्रा उडाला, पाणी आत आलं, तर दार उघडायला कुणीतरी नको का? मी थांबणार आहे इथं, म्हणाला.

बोलणं अगदी सरळ होतं. आणि कुशाबाला सरळ बोलण्याचीच धास्ती.

त्याचा दोष नाही हो. माणसाची उभी हयात गिरणीत कापड तपासण्यात गेली. उजेडासमोर ताणलेलं कापड डोळ्यांपुढून सरकायचं, आणि कुठं तुटका धागा, कुठं तेलाचा डाग दिसला की कुशाबाचा खडू पडलाच. चांगलं कापड त्याला दिसायचंच नाही, खोट तेवढी दिसायची. पुढं गिरणी गेली, पण ती नजर त्याच्याबरोबर घरी आली. आंब्याची पेटी तो तळाकडून उघडायचा. मासळीवालीनं बांगडा पुढं केला की मागचा मागायचा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरला होता, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, आणि हे महाशय वाकून खालून नवरीचे पाय बघतायत. का, तर बघायला गेलो तेव्हा मुलीच्या अंगठ्यावर चटका होता, तीच उभी केलीय की दुसरी कोण? मामानं मागून कोपर मारलं तेव्हा सरळ झाला. अंबिका, म्हणजे तीच नवरी, हे सगळ्या नातेवाइकांत सांगते आणि वर म्हणते, "चटको गावलो तेंका. पण माका तेंचा काय तपासूक दिल्यानी?"

आता त्याच्या संशयाला मूळ होतं की नाही ते तुम्हीच सांगा. मोरेश्वर चाळीसमोर पूर्वी तशीच एक चाळ होती. तिथल्या लोकांना एका पावसाळ्याआधी सांगितलं, भिंत धोक्याची आहे, चार महिने संक्रमण शिबिरात जा, दसऱ्याला परत या. गेली माणसं, तव्याकढयांसकट. आज तिथं पत्र्याचं कुंपण आहे, आत खड्डा आहे, खड्ड्यात बेडूक आहेत. माणसं अजून शिबिरात. आणि मोरेश्वर चाळीवरही एका बिल्डरचा डोळा होता, त्याची माणसं दोनदा येऊन चहा पिऊन गेली होती, तीसुद्धा हितेंद्रच्याच घरी. त्यात हितेंद्रनं दिवाळीला पांढरी गाडी घेतलेली. म्हणजे कुशाबाच्या डोक्यात दोन अधिक दोन झालेलेच होते. सगळी चाळ एका दुपारी रिकामी, सगळ्या किल्ल्या एका खिळ्याला, आणि खिळ्याखाली हितेंद्र. हे वादळ आहे की वादळाचं निमित्त?

खोली केवढी, तर पलंग टाकला की उरलेल्या जागेत पाहुण्यानं मांडी घालून बसावं एवढी. पण कुशाबाचं या मुंबईत तेवढंच. गावातलं घर सामाईक, गिरणीचा जो काय पैसा आला तो मुलाच्या शिक्षणात गेला. ही खोली गेली तर अंबिकेला घेऊन जायचं कुठं?

म्हणून तो म्हणाला, वादळ खरं आहे की नाही ते आधी मी बघतो. मग किल्लीचं बोलू.

घरात टीव्ही चालूच होता. पडद्यावर माडाची झाडं वाकत होती आणि एक माणूस उलट्या झालेल्या छत्रीमागं धावत होता. कुशाबा पुढं सरकून बसला, कापडासमोर बसायचा तसा. थोड्या वेळानं म्हणाला, "हा छत्रीवाला गेल्या वर्षीही धावत होता." सून मेघना म्हणाली, बाबा, चॅनलवाले जुनं दाखवतात कधी कधी. झालं, तिनंच त्याच्या हातात खडू दिला. म्हणजे जुनं वादळ नवं म्हणून विकतायत तर.

मेघना हुशार पोरगी, एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, त्या दिवशी घरूनच करत होती. नवरा अजित पालिकेच्या पंपिंग स्टेशनवर, वादळामुळं त्याला घरी सोडणारच नव्हते. तिनं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. निळ्या समुद्रात पांढरं चक्र, त्यातून निघालेली वाट, वाटेच्या टोकाला कोकणचा किनारा आणि थोडी वर मुंबई. कुशाबानं विचारलं, हे चक्र काढतं कोण? ती म्हणाली, आकाशातून फोटो येतो. त्यानं विचारलं, आणि ही पुढची वाट? वादळ अजून गेलंच नाही त्या वाटेचा फोटो कुणी काढला? मेघना म्हणाली, तो अंदाज असतो बाबा. "अंदाजच ना," कुशाबा म्हणाला आणि चष्मा पुसायला घेतला.

पण त्याची स्वतःची एक युक्ती होती, आणि ती वाईट नव्हती. वादळ दक्षिणेकडून वर येतंय, म्हणजे मुंबईच्या आधी ते देवगडावरून जाणार. देवगडाच्या बाजूला त्याचं गाव. गावात त्याचा धाकटा चुलतभाऊ शामराव. शामरावाच्या ओटीवरून समुद्र दिसतो. टीव्ही खोटं दाखवील, मोबाइल खोटं दाखवील, रक्ताचा भाऊ कशाला खोटं सांगेल? लावला फोन.

बऱ्याच प्रयत्नांनी लागला. कुशाबानं सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. दारात हितेंद्र होता, गॅलरीतून शेजारपाजार डोकावत होता. शेवटच्या खोलीतली दीपिका तर तान्हं बाळ खांद्यावर आणि पिशवी हातात घेऊन निघायच्या तयारीतच उभी होती.

"शामराव, छप्पर कसा हा रे?" कुशाबानं पहिलाच प्रश्न टाकला.

 शामराव म्हणाला, छप्पर? छपराला काय झालंय? कुशाबा म्हणाला, नाही, कौलं बदललीस असं ऐकलं, पक्की बसलीयत ना? मागची पडवी कशी आहे? शामरावाचा आवाज बारीक झाला. सगळं झ्याक आहे म्हणाला. वारा? वारा कसला, पान हलत नाही. समुद्र? ताटातल्या पाण्यासारखा. पण त्याच्या बोलण्यामागं घर्र घर्र असा मोठा आवाज येत होता, म्हणून कुशाबानं विचारलं, तो आवाज कसला?

"काय नाय दादानू," शामराव म्हणाला, "ही मिक्सरार मसालो वाटता."

आणि फोन ठेवला.

मग काय विचारता. कुशाबा गॅलरीत आला तो निवडून आल्यासारखा. देवगडला पान हलत नाही, त्यानं सांगितलं. माझा भाऊ समुद्रासमोर बसलाय, त्याची बायको मसाला वाटतेय, आणि इथं परळात आपण घरं सोडून पळतोय. कुणासाठी, तर ते ज्याला कळायचं त्याला कळतंय. हे म्हणताना त्यानं हितेंद्रकडं बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं. हितेंद्रचे कान लाल झाले. तो म्हणाला, काका, तुमच्यामुळं लोक थांबले आणि काही झालं तर? कुशाबा म्हणाला, तुला काळजी लोकांची की किल्ल्यांची?

लोक थांबले. जुनी माणसं होती, समोरचा खड्डा रोज बघत होती. कुणी बांधलेलं गाठोडं सोडलं, कुणी भात टाकला. दीपिकानं पिशवी आत नेऊन ठेवली आणि बाळाला पाळण्यात घातलं. कुशाबा काका उगाच बोलायचे नाहीत, म्हणाली.

 अंबिका मात्र तांदूळ निवडत बसली होती आणि बाहेर प्रभादेवीच्या बाजूनं आभाळ जांभळट व्हायला लागलं होतं.

आता मजा बघा. मेघना आपली कामाच्या कॉम्प्युटरवर बसलेली, मधूनच मोबाइलवर बातमी वाचायची सवय. वाचता वाचता ती सहज म्हणाली, अरे बापरे, देवगड-मालवणात पहाटेपासून लाइट नाही, खांब आडवे झालेत. कुणाला उद्देशून नव्हे, स्वतःशीच म्हणाली. कुशाबाची तर बातमीवर श्रद्धाच नव्हती, तो ऐकून सोडून देणार होता. पण हात चहाच्या कपाकडं गेला होता तो वाटेतच थांबला.

लाइट नाही, मग मिक्सर कशावर चालला?

त्यानं मेघनाला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, हे सगळे खोटं बोलत असतील. मग म्हणाला, किंवा शामराव खोटं बोलला. पण शामराव कशाला बोलेल? घर्र घर्र आवाज तर मी माझ्या कानांनी ऐकला. तो आवाज मिक्सरचा नसेल, तर कसला होता?

अंबिकेनं सूप खाली ठेवलं. नवऱ्याच्या चुकीची ती वाट बघत बसली होती असं नव्हे, पण आली तेव्हा तयार होती.

"इतक्या वर्सांनी फोन केल्यात," ती म्हणाली, "बरो आसस काय इचारूक नाय, पोरांची चौकशी नाय. आधी छप्पर इचारल्यात, मगे पडवी. सातबाऱ्यार तुमचाय नाव आसा. तेका काय वाटला आसतला?"

 सांगायला नको, शामरावाला वाटलं असणार की मुंबईकर वाटणी मागायला निघाला. घर मोडकळीला आलंय म्हटलं तर म्हणेल, विकून टाकू. म्हणून डोक्यावरची कौलं उडत असताना तो गडी सांगत होता, पान हलत नाही. संशयी माणूस काय एकट्या परळात राहतो? अख्खं घराणंच तसलं होतं ते.

कुशाबानं पुन्हा फोन लावला. लागला नाही. परत लावला, नाही लागला. तेवढ्यात गॅलरीच्या टोकाला वाळत घातलेली कुणाची तरी साडी दोरीवरून सुटली आणि समोरच्या खड्ड्यावरून तरंगत पार निघून गेली. कुशाबा तिच्याकडं बघत राहिला. मग पाळण्यातल्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

आता माणूस कळतो तो इथं. चार माणसांत जे ओरडून सांगितलं ते चार माणसांतच गिळायचं म्हणजे घास मोठा असतो. दुसरा असता तर गुपचूप छत्री घेऊन शाळेत जाऊन बसला असता, ज्याचं तो बघेल म्हणाला असता. कुशाबा गॅलरीत उभा राहिला आणि एकेका दाराशी जाऊन त्यानं सांगितलं, की माझा भाऊ खोटं बोलला, मी तपासलं नाही, वादळ खरं आहे, निघा. दीपिकाची पिशवी त्यानं स्वतः उचलली. एकजण चिडून म्हणाला, म्हाताऱ्या, आता भात अर्धवट शिजलाय. कुशाबा म्हणाला, तसाच पातेल्यासकट घे.

जिन्याखाली हितेंद्र उभा होता. त्याला वाटलं, आता म्हातारा नरम आला, किल्ली येईल. कुशाबानं किल्ली बनियनच्या आतल्या खिशात टाकली आणि म्हणाला, "तू पण चल. सगळ्यांचं छप्पर धोक्याचं, मग तुझ्या ऑफिसाचं काय लोखंडाचं आहे? तू मागं राहिलास तर मी पण मागं राहतो." आणि पायरीवर बसला की हो. बायको एका पायरीवर, सून दुसऱ्या पायरीवर, मागं सगळी चाळ खोळंबलेली. हितेंद्रनं कपाळाला हात लावला, ऑफिसला कुलूप घातलं, ज्यांनी किल्ल्या दिल्या होत्या त्यांच्या त्यांना परत केल्या आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागला. कुशाबा त्याच्या बरोब्बर मागं.

शाळेत सगळे पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. वादळ मुंबईवर आलंच नाही तसं. अलिबागच्या खाली कुठंतरी जमिनीला लागलं, आपल्याला नुसता त्याचा पदर लागून गेला. पण पदरानंही चाळीजवळचा पिंपळ मोडला, मोरी-संडासावरचे पत्रे रस्त्यात आणून टाकले, आणि मोरेश्वर चाळीच्या वरच्या गॅलरीचा लाकडी कठडा दीपिकाच्या दारापासून जिन्यापर्यंत खाली चौकात कोसळला. तेव्हा तिथं कुणी उभं नव्हतं. सगळा वेळ हितेंद्र ज्या बाकावर होता त्याच बाकावर कुशाबा होता. तो लघवीला उठला तरी हा उठायचा. दोघांनी मिळून दीपिकाचं बाळ मात्र आळीपाळीनं मांडीवर घेतलं.

संध्याकाळी परतले. कुलपं जशीच्या तशी होती. कुशाबानं आपलं कुलूप ओढून बघितलं, मग बिजागऱ्या बघितल्या, मग आत गेला.

शामरावाचा फोन आला तो तीन-चार दिवसांनी. रडला फोनवर. बोलत होतो तेव्हाच मागची पडवी उडाली, म्हणाला, तुमका कसा सांगतलंय? कुशाबानं त्याला वाटणीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एसटीनं ताडपत्री पाठवली, आणि पार्सल मिळालं की फोटो काढून पाठव म्हणाला. का, तर मधे कुणी बदलली तर?

त्याच आठवड्यात सुतार नवा कठडा बसवत होता. कठड्याच्या वर्गणीची पावती फाडायला हितेंद्र वर आला. कुशाबा सुताराच्या मागं उभा राहून लाकूड नखानं खरवडून बघत होता. हितेंद्र हसला आणि म्हणाला, काका, वादळ खरं होतं, सगळे वाचले, तुमची खोली जागच्या जागी आहे. आता तरी माझ्यावर विश्वास बसला ना?

कुशाबानं लाकडावरची नजर काढली नाही.

"वादळ खरं होतं ते मी दारोदार जाऊन कबूल केलं. पण ते एका दिवसात कळलं. तुझं कळायला वर्षं लागतील, तोवर मी काय मरत नाही."