तीन मांडवांचा फुकट्या

इन्शिराहला स्वतःचं नाव अजिबात आवडत नसे. ते आजीचं होतं आणि आजीबरोबरच पुरायला हवं होतं, असं ती चारचौघांत म्हणायची. पण कैरोच्या तंबूवाल्यांच्या बाजारात जन्मलेल्या पोरीला नाव बदलून कोण देतो? तिथे तिची ओळख एवढीच होती: उस्ता फरगलीची थोरली, चित्रकलेच्या कॉलेजात जाते, जीभ कात्रीसारखी.

उस्ता म्हणजे कसबी कारागीर; फरगली चाळीस वर्षं मांडी घालून तंबूची कापडं शिवत आलेला. जाड कापडावर रंगीत कापडाचे तुकडे ठेवायचे, सुईच्या टोकाने कडा आत ढकलायच्या आणि टाका असा घालायचा की तो फक्त शिवणाऱ्याला आणि अल्लाला माहीत. टाका दिसला की इज्जत गेली. इन्शिराहची आईही तेवढंच शिवे, पण घरात बसून. दुकानाच्या पाटीवर मात्र नाव फरगलीचं. यावर इन्शिराहने बाराव्या वर्षी पहिलं भांडण काढलं होतं. पाटी बदलली नाही, पण त्या दिवसापासून बाप पाटीखाली बसताना जरा खाली बघून बसू लागला.

या कापडाचे मांडव गल्लीत पडत. त्याच मांडवात लग्न लागे, त्याच मांडवात मयताचं कुराण वाचलं जाई, आणि निवडणूक आली की त्याच मांडवात उमेदवार उभा राहून थापा मारी. खुर्च्या त्याच, माणसं तीच. आणि पहिल्या रांगेत एक फुकट्या हमखास बसलेला, तोही तोच. इन्शिराहने लहानपणापासून हे पाहिलं होतं आणि शेवटच्या वर्षाच्या चलच्चित्रासाठी तिने हाच फुकट्या उचलला. त्याचं नाव ठेवलं अबू तबक. म्हणजे ताटाचा बाप.

गोष्ट तीन मिनिटांची. अबू तबक लग्नात बदक हादडतो आणि टेबलाखाली झोपतो. जागा होतो तेव्हा मांडव तोच, पण आता तिथे मयत आहे. हा डोळे चोळत टाळ्या वाजवायला लागतो आणि मार खातो. मग पुन्हा झोपतो. पुन्हा जागा होतो तेव्हा उमेदवाराची सभा चालू असते, सगळे टाळ्या वाजवत असतात. एकदा पोळलेला अबू तबक या वेळी धाय मोकलून रडतो. अख्ख्या सभेत बरोबर वागलेला तो एकटाच.

लग्न तिने कापडाच्या तुकड्यांचं केलं. तुकडे सुटे मांडायचे, वरून फोटो काढायचा, तुकडा मुंगीच्या पावलाएवढा सरकवायचा, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. मयत कोळशाने कागदावर काढली. आणि सभा भिंतीवरून फाडून आणलेल्या निवडणुकीच्या पत्रकांची, त्यांचीच नाकं, मिशा, वचनं कापून. पत्रकं फाडताना एका चहावाल्याने हटकलं, तर ती म्हणाली, "चाचा, निवडून आल्यावर हे स्वतःच तोंड लपवतात. मी आधीच उतरवतेय."

फोटो काढायला किरोलोस होता. शुब्रा मोहल्ल्यातला पोरगा, वर्गमित्र, थंड डोक्याचा. त्याच्या चर्चचे उपास वर्षातले निम्मे दिवस चालत, म्हणून तो भातडाळशेवयांच्या कुशरीवर जगे आणि सदा भुकेला असे.

मंगळवारी डॉक्टर वग्दींनी कच्चं काम बघितलं. वग्दी त्यांचे प्राध्यापक. गळ्यात बाराही महिने मफलर.

"पोरी, हे चलच्चित्र आहे की भंगारवाल्याची गाडी?"

"मिश्र शैली आहे, डॉक्टर."

"मिश्र तर नाश्त्याची घेवड्याची उसळही असते. पण वाटीत ती एकजीव असते. इथे पहिल्या मांडवात एक कापडाचा गोळा, दुसऱ्यात काळा डाग, तिसऱ्यात कागदाचा बोळा. हे तिघं एकच माणूस आहेत हे मला कसं कळायचं? तू पडद्याशेजारी उभी राहून सांगणार?"

"कळतं की! पोट तेच आहे."

"या शहरात ते पोट निम्म्या लोकांना आहे." वग्दींनी मफलर सारखा केला. "रविवारी सगळ्यांसमोर दाखवायचंय. तोवर एक शैली ठेव, नाहीतर तिन्हीत माणूस एकच आहे हे दाखव. दोन्ही जमलं नाही तर पुढच्या वर्षी याच खोलीत भेटू."

आणखी एक वर्ष त्या मफलरासमोर! इन्शिराहला त्यापेक्षा आजीच्या नावाने आणखी पन्नास वर्षं जगणं सोपं वाटलं. पण एक शैली ठेवायची म्हणजे दोन मांडव मोडायचे, आणि ते ती मेली तरी करणार नव्हती.

बुधवारी घरातल्या पुढच्या खोलीत जमिनीवर लग्नाचा मांडव पसरलेला होता. अबू तबक बदकाकडे हात नेत होता, नऊ सेकंद उरले होते. तेवढ्यात कॉलेजातून निरोप आला, कुठल्याशा कागदावर सही हवी. ती गेली. किरोलोस कॅमेऱ्यावर फडकं टाकून कुशरी आणायला गेला. आई तांता शहरात बहिणीकडे गेलेली. आणि नेमकी बाजारातली वीज गेली म्हणून उस्ता फरगली दुपारीच घरी आला.

त्याने काय पाहिलं? जमिनीवर चांगलं जाड कापड. त्यावर कापलेले, मांडलेले, रंगाला रंग जुळवलेले तुकडे. सगळे सुटे. एकही टाका नाही. दुसऱ्या कुणाच्याही बापाने ते ओलांडून जाऊन झोप काढली असती. पण या बाजारातल्या कारागिराला सुटा तुकडा दिसणं म्हणजे दुसऱ्याला उघडा नळ दिसणं. हात आपोआप जातो. शिवाय फरगलीला वाटलं, पोरीने अखेर शहाण्यासारखं काम हाती घेतलं आणि कंटाळून अर्ध्यावर टाकलं. बापाने पुरं करू नये तर कुणी?

इन्शिराह परतली तेव्हा कॅमेऱ्याचा स्टँड भिंतीला टेकलेला, आणि बाप मांडवाच्या मधोमध मांडी घालून बसलेला. दातांत दोऱ्याचं टोक.

"ये," तो दोरा तोडत म्हणाला. "झालं."

"काय झालं?"

"तुझं काम. असं उघडं टाकून जातात का? पंखा लागला असता तर तुझा हा ढेरपोट्या गेला असता उडत अल-अझहरच्या मिनारावर."

तिने वाकून पाहिलं. अबू तबक शिवलेला होता. त्याचा हात, ताट, बदक, दोन ढोलवाले, नवरीची ओढणी, सगळं. टाका शोधूनही दिसत नव्हता.

"बाबा! तो हलणार होता!"

"आता नाही हलायचा. माझा टाका आहे. तुझी नातवंडं म्हातारी झाली तरी नाही हलायचा."

"अहो, हलायलाच हवा होता! फोटो काढून काढून हलवत होते मी त्याला! दोन महिने!"

तेवढ्यात किरोलोस दारात आला. कापडावरचं काम बघितल्याबरोबर त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "हात सलामत राहोत, उस्ता, काय सुरेख..." मग त्याला समजलं. इन्शिराहने त्याच्या हातातला कुशरीचा डबा भिंतीवर भिरकावला. किरोलोसने तो वाटेतच झेलला. तीन वर्षं तिच्याबरोबर काम करून त्याला एवढं जमू लागलं होतं.

पुढचा पाऊण तास गल्लीने फुकट तमाशा ऐकला. फरगली म्हणाला, मला कुणी सांगितलं होतं का? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत का? ते खरंच होतं. त्याला वाटे, पोरगी कापडांचे फोटो काढून परदेशी गिऱ्हाइकांना दाखवणार आहे. शेवटी किरोलोसने डबा उघडला, तिघांत चमचे वाटले, आणि इन्शिराहने तोंडात भात असतानाच बापाला पहिल्यांदा सगळी गोष्ट सांगितली.

सभेतल्या रडण्यावर फरगली पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण पोरी, कापडाचा माणूस, कोळशाचा माणूस, कागदाचा माणूस... तो एकच आहे हे कळणार कसं?"

किरोलोसला ठसका लागला. इन्शिराह उठून सरळ गच्चीवर गेली.

खाली आली ती ब्लेड घेऊन. बसून एकेक टाका उसवू लागली. बाप बाजूला बसून प्रत्येक टाक्याला "हाय" म्हणत होता. अबू तबकचं पोट सुटलं, पण कडेने भोकं राहिली आणि ढुंगणापाशी लाल दोऱ्याचं एक टोक लोंबत राहिलं. किरोलोसने सहज फोटो काढला. तिने दोरा ओढला, त्याने पुन्हा फोटो काढला. दोन्ही फोटो एकापाठोपाठ लावून बघितले. माणूस जागेवर होता, पण दोरा वळवळत होता.

"थांब," इन्शिराह म्हणाली. तिने कोळशाचा अबू तबक आणला, लाल दोरा सुईत ओवला आणि कागदाच्या कडेने धसमुसळे चार टाके घातले. मग पत्रकाच्या अबू तबकला. तिन्ही शेजारी ठेवले. काळा डाग, कागदाचा बोळा, कापडाचा गोळा, आणि तिघांच्या कडेने तोच लाल दोरा. ते आता एकाच आईचे दिसत होते.

"प्रत्येक मांडवात शिरताना आणि निघताना दोरा दिसला पाहिजे," ती म्हणाली. "प्रत्येक फोटोला दोन टाके उसवायचे, दोन नवे घालायचे. म्हणजे दोरा जिवंत वाटेल. लग्नाचे उरलेले नऊ सेकंद धरून अडीचशे फोटो होतील. चार दिवस आहेत. बाबा, तुम्ही घाला टाके. मोठे, वेडेवाकडे, शेवटच्या खुर्चीवरून दिसतील असे."

फरगलीचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं मी टाका लपवला. आता तो भिंतीएवढा करून कॉलेजाला दाखवू? लोक म्हणतील, फरगलीचे डोळे गेले."

"पडद्यावर तुमचं नाव घालत नाही मी. मग तर झालं?"

फरगलीने सुई उशीत खोचली, काढली, पुन्हा खोचली. मग म्हणाला, "का नाही घालत?"

"तुम्हाला लाज वाटते म्हणून."

"लाज माझी आहे. तू कोण ती वाटून घेणारी?"

त्याने सुई घेतली आणि वाईट शिवायला बसला. जमेना! हात ऐकेना. वाकडे घातलेले टाकेही एका मापाने वाकडे पडत होते. बिचाऱ्या किरोलोसने कॅमेऱ्यातून बघून खरं ते सांगितलं, "उस्ता, हे मशीनवर मारल्यासारखं दिसतंय."

या बाजारात याहून मोठी शिवी नाही. मशीनवर छापलेल्या नकली कापडाने निम्मी दुकानं बसवली होती. फरगलीने बोटावरची सुईची टोपी काढून भिंतीवर हाणली, अल्लाची माफी मागितली, आणि जो हात तो कधी ताटातही घालत नसे त्या डाव्या हातात सुई धरली.

पहिलाच टाका अंगठ्यात गेला, दुसरा कागद फाडून गेला. तिसरा मात्र असा गबाळा, असा आंधळा पडला की इन्शिराहने बापाच्या टकलाचा मुका घेतला.

चार दिवस तो डाव्या हाताने शिवत होता आणि उजव्याने स्वतःच्या मांडीवर थापा मारत होता. दुकानातून कुणी आलं की दार लावून घेई, जसं काही आत दारू गाळणं चाललंय. कागद फाटे, पुन्हा चिकटवायचा. कोळसा पुसे, पुन्हा काढायचा. शनिवारी संध्याकाळी दोनशे एकेचाळिसावा फोटो झाला आणि किरोलोस म्हणाला की उरलेले नऊ कुणी मोजणार नाही.

रविवारी कॉलेजच्या सभागृहात उस्ता फरगली इस्त्रीचा पायघोळ झगा, गलाबिया, घालून तिसऱ्या रांगेत बसला. अंगठ्याला पट्टी. तीन परीक्षकांच्या मध्ये डॉक्टर वग्दी आणि मफलर.

चलच्चित्र सुरू झालं. लग्नात लोक हसले. अबू तबक झोपला, लाल दोरा वळवळत काळ्या मांडवात शिरला, त्यामागून कोळशाचा माणूस उठून बसला, आणि कुणी विचारलं नाही की हा कोण. मयतीत तो टाळ्या वाजवायला लागला तेव्हा एक बाई इतक्या मोठ्याने हसली की तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. सभेत तो रडला तेव्हा मागच्या रांगांनी बाक बडवले.

दिवे लागले. वग्दी उठले. "कल्पना ठीक. दोरा जोडतो, हे मान्य. पण शिवण भयंकर आहे. इतके गचाळ टाके मी जन्मात पाहिले नाहीत. तुझ्या बाजारातलं कुणी हे बघेल तर काय म्हणेल?"

इन्शिराह तोंड उघडणार तोच तिसऱ्या रांगेतून फरगली उभा राहिला.

"मी बाजारातलाच. टाके माझे."

"तुमचे? उस्ता, मग निदान नीट..."

"डॉक्टर, एवढं सांगा. तिन्ही मांडवांत माणूस ओळखू आला का?"

वग्दींनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. "आला," ते म्हणाले.

"मग शिवण झाली."

तासाभराने दारावर कागद लागला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: पास. 'उत्तम' नाही, 'चांगला' नाही, नुसता पास, सगळ्यात खालचा. पण तिन्ही मांडव शाबूत, आणि पुढच्या वर्षी या खोलीत यायचं नाही. इन्शिराहने तो कागद दोनदा वाचला. मग पायरीवर जाऊन बसली. किरोलोसने खिशातून भाजलेल्या बिया काढून निम्म्या तिच्या ओंजळीत टाकल्या.

"बाबा कुठे गेले?" तिने विचारलं.

किरोलोसने हनुवटीने आत दाखवलं. दाराआडून उस्ता फरगलीचा आवाज येत होता. नुसता पास कशाला म्हणतात, 'उत्तम' मिळवायला मी आणखी कुठल्या हाताने शिवायला हवं होतं, आणि मफलर काढून नीट ऐका, असं तो डॉक्टर वग्दींना सांगत होता.

"जाऊन आणू त्यांना?" किरोलोस म्हणाला.

"राहू दे," इन्शिराह बी फोडत म्हणाली. "भांडू दे थोडं."