नाव न दिलेला पत्ता

शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर. कुठल्याही खोलीत शिरला की आधी नजर स्विचबोर्डाकडे, मग माणसांकडे. चहा पार निवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. काम संपलं तरी "झालं" म्हणायचा नाही. "झालंय असं दिसतंय" म्हणायचा. दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची, आधी वस्तूचं नाव, मग स्वल्पविराम, मग तिची खोड. "खुर्ची, मागचा पाय लंगडा." "पंखा, तीनवर कुरकुरतो." "बटण, हात लावाल तर मला हाक मारा." आणि घरी पोचल्यावर, किल्ली स्वतःच्याच खिशात असूनही, दार आधी वाजवायचा. आत आई अंथरुणाला खिळलेली. एकदम कुलूप खडखडलं तर ती दचकेल म्हणून.

खिशातल्या त्या वस्तूवरून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. औषध भांडाराच्या ऑफिसात तो संगणकापासून पंख्यापर्यंत सगळं सांभाळायचा.

भांडारातून आसपासच्या दवाखान्यांना लसी जात. लस थंड राहायला हवी. मागे एकदा एक अख्खी पेटी गरम होऊन वाया गेली, आणि सगळ्यांनी आपापल्या रजिस्टरांत खाडाखोड करून एकमेकांकडे बोटं दाखवली. तेव्हापासून दवाखान्यातल्या प्रत्येक फ्रीजच्या दाराला एक सेन्सर बसला. काड्यापेटीएवढा, पांढरा, आत सिमकार्ड. दार उघडलं किंवा लागलं की त्याची वेळ आणि आतलं तापमान ब्लॉकचेनवर नोंदलं जायचं. ब्लॉकचेन म्हणजे अशी नोंद, जिची प्रत सगळ्या दवाखान्यांत एकदमच उमटते. एकदा उमटली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

फक्त ती वाचता कुणालाच येत नव्हती.

"पारदर्शक, पारदर्शक म्हणून एवढा डंका पिटला," साहेब म्हणाले, "आणि उघडून बघावं तर नुसती आकड्यांची खिचडी! मला दिसलं पाहिजे. सिस्टरला तिच्या फोनवर दिसलं पाहिजे. कुठल्या फ्रीजचं दार कधी उघडलं, सरळ. आणि टेस्टर, नवीन खर्च सांगू नकोस."

तसं दाखवणारं साधन मिळत होतं. ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उचलून वापरावं असं. टेस्टरने ते उतरवून घेतलं. डेटाबेस मांडला, ब्लॉकचेनच्या साखळीला जोडला, तो कोसळला. पुन्हा मांडला, पुन्हा कोसळला. शेवटी एका सकाळी पानावर ओळी सरकायला लागल्या. त्याने गार चहाचा घोट घेतला.

"झालंय असं दिसतंय."

शेजारच्या टेबलावर एक मुलगी खोक्यांची लेबलं टाइप करायची. साहित्याची पदवी घेतलेली. टेस्टर तिला बाईसाहेब म्हणायचा, ती त्याला दादा.

"एवढ्या कादंबऱ्या वाचून शेवटी लेबलंच का बाईसाहेब?"

"तुमच्या चिठ्ठ्यांपेक्षा शुद्ध असतात माझी लेबलं."

पण स्क्रीन बघायला ती खुर्ची ओढून आली. त्याने दाखवलं. नवी नोंद झाली की ती लगेच वर दिसते. जुन्या नोंदी मात्र हे साधन सावकाश भरत जातं, आजपासून मागे. आधी काल, मग परवा, मग गेला महिना, असं करत साखळीच्या पहिल्या दिवसापर्यंत.

"म्हणजे गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे," ती म्हणाली.

"हो. आणि पोचायला वेळ लागणार. मशीन म्हातारं आहे."

प्रत्येक सेन्सरचा एक पत्ता होता, अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ. त्यापुढे नाव भरायची सोय होती. टेस्टरला तर ही पर्वणीच. तो एकेका सिस्टरला फोन करायचा, "जरा दार उघडा हो, आता लावा," आणि कुठल्या पत्त्यावर ओळ उमटते ते बघून नाव द्यायचा. "पुलाजवळचा दवाखाना, दार नीट लागत नाही." "टेकडीवरचा, सिस्टर रागीट."

सगळी नावं भरून झाली आणि एक पत्ता उरला.

त्यावर रोज दुपारी दोन ओळी उमटत. दार उघडलं. थोड्या वेळाने, दार लागलं. त्यापलीकडे दिवसभर काही नाही. आणि तापमान फ्रीजचं नव्हतंच. साध्या खोलीचं होतं.

टेस्टरला वाटलं, कुठेतरी एक फ्रीज बंद पडलाय आणि त्यातली लस कुणीतरी पोरांना टोचतंय. त्याने सगळे दवाखाने पुन्हा पालथे घातले. सगळे फ्रीज जागेवर, थंडगार. मग नोंदवलेले सेन्सर मोजताना त्याला आठवलं. एक दवाखाना बंद झाला होता. तिथला सेन्सर त्याने स्वतः काढून आणला होता, चालतो का बघायला. घरी नेला होता. आणि आईच्या खोलीतल्या कपाटाला चिकटवला होता.

तेव्हा आई हिंडतीफिरती होती. ती म्हणाली होती, "माझ्या कपाटाला हा मस कुठून आला रे?" तो म्हणाला होता, उद्या काढतो. मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेन्सर राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी त्याने दार वाजवलं, कुलूप काढलं, आत गेला. आई उशीला टेकून कपाटाकडे बघत होती. पलंग एका भिंतीला, कपाट समोरच्या भिंतीला, मध्ये अख्खी खोली. आईचे रोजचे कपडे आता उशाशी, स्टुलावर असत. कपाटाला महिनोन्‌महिने कुणी हात लावला नव्हता. त्याने फोनवर पान उघडलं आणि कपाटाचं दार ओढलं. पानावर ओळ आली. दार लावलं. दुसरी ओळ आली.

तो तिथेच उभा राहिला. दुपारी घरात आई सोडून कुणीच नसतं. तिचं करणाऱ्या मावशी सकाळी येतात, तिला आंघोळ घालतात, भरवतात, आणि बाहेरून कुलूप लावून दुसऱ्या कामाला जातात. डॉक्टर म्हणाले होते, ह्या आता उठणार नाहीत, मनाची तयारी ठेवा.

"आई," तो हळूच म्हणाला, "पकडलं तुला."

आईच्या तोंडाची डावी कड जराशी हलली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो शीळ घालत आला. बाईसाहेबांच्या कानाशी लागून त्याने सगळं सांगितलं.

"ती उठते गं. रोज दुपारी उठते, कपाटापर्यंत जाते, परत येते. सराव चाललाय."

"पण मग तुम्हाला का नाही सांगत?"

"सांगणार कशी? आणि तिला मला थक्क करायचं असेल. लहानपणी माझ्या वाढदिवसाचा खाऊ लपवायची, आठवडाभर तोंडातून अवाक्षर काढायची नाही. तीच खोड आहे ही."

"एक दिवस घरी थांबून बघा ना."

"वेडी आहेस का? मी दिसलो तर ती करायची थांबेल."

त्या पत्त्यापुढे त्याने नाव भरलं, "आई". स्वल्पविराम नाही, खोड नाही. नुसतं आई. दुपार झाली की तो हातातलं काम टाकून पान उघडून बसायचा. ओळ आली की खुर्चीत रेलायचा. "पोचल्या," म्हणायचा. दुसरी ओळ आली की, "निघाल्या परत." त्याने आईसाठी न घसरणाऱ्या सपाता घेतल्या आणि पलंगाखाली ठेवल्या, टाचा पलंगाकडे करून, पाय खाली सोडले की सरळ आत जातील अशा. संध्याकाळी त्या जशाच्या तशा असत. त्याला त्याचंही हसू यायचं. "पुरावा ठेवत नाही पठ्ठी."

मावशींना मात्र त्याने एकदा विचारलंच.

"दुपारी तुम्ही परत येता का हो कधी?"

"मी? माझ्यावर आळ घेताय होय? खाली शिंप्याला विचारा! जिन्याच्या तोंडाशी मशीन घालून बसलाय मेला, पाल चढली तरी त्याला कळते."

शिंप्यानेही मान हलवली. "दुपारचं वर कुणी जात नाही, टेस्टरभाऊ. कधीच नाही. पण तुमच्या आईंना बरं वाटतंय वाटतं आताशा?"

"का?"

"नाही, वर चालल्यासारखं वाजतं."

टेस्टरने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढला. एवढा आनंदी तो कधी दिसला नव्हता.

मशीन आपलं काम करत होतं. रोज थोडं मागे, आणखी थोडं मागे. त्या पत्त्याच्या ओळीही मागे लांबत चालल्या. टेस्टर त्या वाचायचा आणि हिशेब लावायचा, गेल्या महिन्यातही उठत होती म्हणजे. त्याच्याही आधी. एवढी लवकर सावरली आणि मला पत्ता नाही!

मग एका दुपारी बाईसाहेबांना शेजारच्या टेबलावरून काहीच ऐकू येईना. शीळ नाही, "निघाल्या" नाही. तिने वळून पाहिलं. टेस्टर स्क्रीनवरच्या एका तारखेवर बोट ठेवून बसला होता.

"काय झालं दादा?"

"हे दवाखान्यातले दिवस आहेत."

तिला कळलं नाही.

"झटका आला तेव्हाचे. आईला भरती केलं होतं. मी तिथेच बाकावर झोपत होतो. मावशी तेव्हा कामाला लागल्याही नव्हत्या. घराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात."

पानावर रोजच्या दोन ओळी होत्या. दार उघडलं. दार लागलं. एक दिवस चुकला नव्हता.

"ऊन पडत असेल दादा. लाकूड वाकतं, दार आपोआप—"

"लोखंडी आहे."

"मग सेन्सर बिघडला असेल."

टेस्टरने मान हलवली. हे त्याला पटण्यासारखं होतं. बिघाडाशी त्याचं जन्माचं सख्य होतं. त्याने सेन्सर घरून काढून आणला आणि ऑफिसच्या कपाटाला चिकटवला. कपाटावर चिठ्ठी लावली, "कपाट, आज उघडू नका". दुपार गेली, संध्याकाळ झाली. पत्त्यावर एकही ओळ नाही. त्याने सेन्सर परत नेऊन आईच्या कपाटाला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळी आल्या.

तेव्हा त्याने "आई" हे नाव पुसलं. बाईसाहेबांनी ते पाहिलं. एकेक अक्षर, सावकाश, जणू बोट भाजत होतं.

"ती रोज कपाटाकडेच बघत असते," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिथे जायचंय म्हणून बघते."

पुढचे काही दिवस तो दुपारी पान उघडायचा नाही. चहा गरमच पिऊन टाकायचा. आईचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवू का, असं त्याने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाला, हलवून काय, कपाट त्या खोलीत आहे म्हणून ते उघडणारं त्याच खोलीत राहील असं थोडंच. एकदा म्हणाला, आई ओरडू शकत नाही, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. इतके महिने मी तिला कुणाबरोबर कोंडून येत होतो?

शेवटी त्याने साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब उडालेच.

"तू आणि रजा? लग्न ठरलं की काय?"

"घरी जरा एक वस्तू तपासायचीय."

निघताना तो बाईसाहेबांच्या टेबलाशी थांबला. "काही नसेल," म्हणाला. खिशातला टेस्टर चाचपला आणि गेला.

पुढचं शिंप्याने सांगितलं. टेस्टर जिना चढला, रोजच्यासारखं दार वाजवलं. मग मात्र कुलपाचा आवाज लगेच आला नाही. तो दाराशी थांबून राहिला होता, आतून कुणी "ये" म्हणायची वाट बघावी तसा. मग कुलूप उघडलं. दार लागलं.

सकाळी मावशी आल्या तेव्हा तो आईच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसलेला होता, तोंड कपाटाकडे. एका हातात आईचा हात धरलेला. अंग गार पडलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ह्या वयात होतं हल्ली. कपाटाचं दार नीट लागलेलं होतं. आई जागी होती.

बाईसाहेबांनी ऑफिसात ते पान उघडलं. आदल्या दुपारी दोन ओळी होत्या, नेहमीच्याच. त्याआधी त्याचा श्वास थांबला की नंतर, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. त्याने काय पाहिलं आणि पाहिलं का, हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, आणि तिची वाचा गेलेली आहे.

टेस्टरच्या मामांनी आईला आपल्याकडे नेलं, त्याच्या आदल्या दिवशी ती मुलगी घरी गेली. पलंगाशी वाकली.

"आजी, दादांनी पाहिलं का?"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. मुलीला मागे वळवेना. ती तशीच, पाठ न फिरवता, भिंतीला धरून खोलीबाहेर आली.

घराला आता कुलूप आहे. ओळी येतात.

साखळीचा पहिला दिवसही भरून झाला. सिस्टर फोनवर पान बघतात, साहेब पाहुण्यांना दाखवतात. पुलाजवळचा दवाखाना, टेकडीवरचा, सगळे आपापल्या खोडीसकट नावानिशी आहेत. टेस्टरचा संगणक मात्र त्या मुलीने कुणाला बंद करू दिलेला नाही. रजेवर जाण्याआधी त्याने त्या पत्त्यापुढची नावाची चौकट उघडली होती आणि लिहायला सुरुवात केली होती. पुढचं घरून बघून आल्यावर भरणार होता.

चौकटीत एवढंच आहे: "कपाट," आणि स्वल्पविरामापुढे लुकलुकणारी रेघ.