साडेसदतीस हजार गाठी

धक्क्यावर माझ्या आत्याला सगळे मास्तरीण म्हणतात. ती स्वतः चौथीपुढे शिकलेली नाही. पण कुणाच्या जाळ्यात सैल गाठ दिसली, की ती त्या माणसाला चारचौघांत उभं करते आणि गाठ सोडवून परत मारायला लावते. मग तो बोटीचा मालक का असेना.

तिची शेड बर्फाच्या कारखान्याच्या मागे आहे. वर पत्रा, खाली लांबलचक गुळगुळीत फरशी आणि दोन्ही भिंतींना छातीच्या उंचीवर लोखंडी हुक. फरशी दिवसातून तीनदा झाडतात, कारण वाळूचा एक कण दोऱ्यात शिरला तर तो दोरा आतून कापत राहतो. हुकांना जाळी अडकवून आत्या आणि तिच्यासोबतच्या तिघीजणी विणतात, शिवतात आणि तोंडाने सगळ्या गावाच्या सुनांची चौकशी करतात. या शेडच्या जोरावर मी इंजिनियर झाले. घराण्यातली पहिली. पंपाच्या कारखान्यात डिझाइन करते; पाणी कशातून किती जोराने वाहतं हे काढणं माझं काम.

गेल्या वर्षी मी रजेवर आले होते, तेव्हा अण्णा शेडच्या दारात घुटमळत होता. अण्णाच्या सहा बोटी. आत्याने त्याला चड्डीत बघितलेलं, त्यामुळे ती त्याला अरे-तुरेच करते. तो मात्र तिला अहो-जाहो करतो. आधी हवापाणी झालं, मग गुडघेदुखी झाली. आत्या म्हणाली, "अण्णा, ताकाला आलास तर भांडं कशाला लपवतोस? बोल."

"मास्तरीणबाई, नवीन जाळ्यांच्या शेपटाचा आस निम्म्यावर आणायचा."

जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. आणि शेपूट म्हणजे जाळ्याच्या मागची पिशवी, जिच्यात मासळी गोळा होते. आस बारीक केला की पिल्लंसुद्धा सुटत नाहीत.

"पिल्लं धरणार?"

"मग काय करू? वरचं पाणी कोमट झालंय. बांगडा गेला गारव्याला, लांब आणि खोल. पूर्वी चार तासांत गाठायचो, आता अकरा तास लागतात. एवढं डिझेल जाळून तिथं जायचं, तर जे हाताला लागेल ते आणायला नको?"

"आणि पिल्लं संपली की? पुढल्या साली वीस तास जाशील. तेवढा धूर ओकशील. म्हणजे पाणी आणखी तापेल. स्वतःच्याच शेपटाला तोंड लावलंयस, कळतंय का?"

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. हीच गोष्ट आम्हाला सांगायला कॉलेजात सरांना दोन तास लागले होते.

अण्णा चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमचं बरोबर असेल. पण जाळ्यांचा कारखाना बारीक आसाची तयार जाळी देतोय. तुम्ही नाही म्हणालात तर पंधरा जाळ्यांची ऑर्डर तिकडे जाईल."

पंधरा जाळी म्हणजे शेडचं सगळं वर्ष. तिघींच्या सुया थांबल्या.

"एक फेरी दे," आत्या म्हणाली. "एक जाळं मी माझ्या पद्धतीने करते. तुझ्या दोन सारख्या बोटी एकाच दिवशी, एकाच जागी पाठव. विकायजोगी मासळी माझ्या जाळ्यात कमी आली, तर ऑर्डर कारखान्याला. मी हू की चू करणार नाही."

अण्णा गेल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं, पंपवाली, पाण्यातून जाळं हलकं कसं ओढायचं, ते येतं का तुला?"

मला येत होतं. निदान मला तसं वाटलं. मी लॅपटॉप काढला. जाळ्याच्या तोंडाकडचे आस मोठे आणि दोरा बारीक पण चिवट ठेवला, तर पाण्याचा अडथळा बराच कमी होतो, म्हणजे इंजिनाला ताण कमी, डिझेल कमी. शेपटासाठी चौकोनी आस. नेहमीचे तिरके आस ओढ बसली की मिटतात आणि पिल्लं आत चेंगरतात. चौकोन उघडा राहतो. मी ऐटीत नेहमीच्या जाळ्याचा एक तुकडा कापला, अर्धा काटकोन फिरवला आणि तिरक्यांचे चौकोन करून दाखवले.

"झालं! इतकं सोपं आहे."

आत्याने तुकडा बादलीत भिजवला, हुकाला टांगला आणि खाली ओल्या वाळूचं पोतं लटकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर माझ्या चौकोनांची पार रया गेली होती. कुठे फट, कुठे भगदाड. गाठी सरकल्या होत्या. नेहमीच्या जाळ्यात ओढ गाठीच्या दोन्ही बाजूंनी सारखी येते. तसं फिरवल्यावर ती एकाच दोऱ्यावर येते आणि साधी गाठ त्याच्यावरून घसरते.

"तुझ्या कॉम्प्युटरला गाठ सरकते हे कुणी सांगितलं नव्हतं वाटतं," आत्या म्हणाली. तिघी पदराआड हसल्या. एकीने तर पदरही लावला नाही.

"मग आता?"

"आता दुहेरी गाठ. हाताने. कोपऱ्यातून सुरुवात करायची, एका कडेला आस वाढवत जायचं, दुसऱ्या कडेला घटवत."

चौकोनाची बाजू दोन सेंटीमीटर, शेपूट पाच मीटर लांब आणि तीन मीटर घेराचं. मी हिशोब केला, मग पुन्हा केला. "आत्या, साडेसदतीस हजार गाठी होतात."

"बरं झालं मोजल्यास. मी मोजल्या असत्या तर सुरूच केलं नसतं."

आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी माझ्या बोटांना फोड आले. दुसऱ्या दिवशी आत्याने माझ्या दोनशे गाठी सोडवल्या. "पदवी घेतलीस ना? मग घट्ट ओढ की." चौथ्या दिवशी एकही सोडवली नाही. पंपाच्या कारखान्यात मला बढती मिळाली होती, तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

जाळं बोटीवर चढवताना तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ते हाताने चाचपलं. "काय हे, पोरींच्या ओढणीसारखं! फाटलं तर मी शिवत बसणार नाही हां. शेडमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय."

आत्याने साडीचा पदर खोचला आणि फळीवरून सरळ बोटीवर गेली. वय एकसष्ट. समुद्रात आयुष्यात पहिल्यांदा. मीही मागोमाग गेले, आणि अकरा तासांपैकी नऊ तास कठड्याला धरून ओकत होते. आत्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून खलाशांच्या स्वेटरांची उसवण शिवत होती.

उजाडता उजाडता ठिकाणावर पोचलो. दुसरी बोट हाकेच्या अंतरावर होती, तिच्याकडे अण्णाने कारखान्यातून आणलेलं बारीक आसाचं जाळं. दोन्ही जाळी पाण्यात गेली. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, तांडेल केबिनमधून ओरडला, "फाटलं! मी म्हटलं नव्हतं? इंजिन बघा किती हलकं चाललंय. विंच लावा, वर घ्या."

खलाशी उठले. तेवढ्यात वर घेतलं असतं तर पहिली ओढ वाया जाणार होती, आणि एवढ्या लांब आल्यावर उरलेल्या डिझेलात चारच ओढी होतात. आत्या विंचच्या, म्हणजे दोर ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, पुढे आडवी उभी राहिली.

"फाटलेलं नाही. हलकं आहे म्हणून हलकं लागतंय."

"मास्तरीणबाई, तीस वर्षं ओढतोय मी."

"आणि मी चाळीस वर्षं हुकाला टांगून ओढतेय. फाटलेलं जाळं एका अंगाला झटके देतं. ये इकडे." तिने मागच्या तारेच्या दोरावर तळवा ठेवला. मग दुसऱ्या दोरावर. "हात लाव."

तांडेलाने हात लावला. आधी एका दोराला, मग दुसऱ्याला. डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. दोन्ही दोर सारखे थरथरत होते. मग तो केबिनमध्ये गेला आणि इंजिनाचा जोर कमी केला.

दोन तासांनी शेपूट वर आलं. ते पाण्याच्या पृष्ठभागाला लागलं तेव्हा चौकोनांतून बोटभर पिल्लांच्या चकचकीत धारा बाहेर सुटत होत्या. खलाशी ओरडायला लागले, "अरे गेली, गेली!" आत्या त्यांच्यावर ओरडली, "जाऊ दे! मोठी होऊन येतील." पिशवीची गाठ सोडल्यावर डेकवर पडला तो सगळा वीतभर मोठा, ताठ बांगडा.

धक्क्यावर अण्णा स्वतः पेट्या मोजायला आला होता. पिल्लं आणि चेंगरलेला माल बाजूला काढल्यावर दुसऱ्या बोटीच्या चाळीस पेट्या भरल्या. आमच्या अडतीस.

कुणी काही बोलण्याआधी आत्याच म्हणाली, "दोन कमी. शब्द तो शब्द. ऑर्डर कारखान्याला दे, अण्णा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"थांबा," तांडेल म्हणाला. त्याने डिझेलच्या टाकीत काठी घातली आणि ओली काठी अण्णापुढे धरली. मग दुसऱ्या बोटीवर जाऊन तिथली आणली. दोन्ही काठ्या शेजारी धरल्या. निघताना दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, आता आमच्या टाकीत चार बोटं डिझेल जास्त होतं. "या चार बोटांत आणखी एक ओढ निघाली असती. एका ओढीला नऊ पेट्या. आता करा हिशोब. आणि कारखान्याचंच जाळं लावायचं असेल, तर माझ्या बोटीला दुसरा तांडेल बघा."

अण्णाने दोन्ही काठ्या हातात घेतल्या, पुन्हा स्वतः टाकीत घालून बघितल्या. मग डोकं खाजवत हसला. "मास्तरीणबाई, पंधराच्या पंधरा तुम्हीच करा. पण आठ दिवसाला एक म्हणजे फार होतं हो."

"मग आणखी सहा बायका लागतील. आणि शिकवायला ही आहे," असं म्हणून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला.

एका जाळ्याने समुद्र गार होत नाही, हे आकडे शिकलेल्या मला कुणी सांगायला नको. पण त्या सकाळी धक्क्यावर ज्याला त्याला मी पकडून सांगत होते, ती माझी आत्या आहे म्हणून. ज्यांना जन्मापासून माहीत होतं त्यांनाही.

आत्याचं लक्ष नव्हतं. ती सुरी घेऊन दुसऱ्या बोटीवर चढली होती. तिथला तांडेल चहा घेत होता, तो कप तसाच धरून धावला, "अहो, अहो, नवीन आहे ते!"

"म्हणूनच आधी कापतेय," आत्या म्हणाली, आणि बारीक आसाचं शेपूट तिने मुळापासून कापून काढलं.