मामंजींचा उजवा कान

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही, देवापुढंसुद्धा नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा, मलाही येतंय.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या महायुद्धात होते. पार इटलीपर्यंत जाऊन आले. उजव्या कानाची पाळी तिकडंच ठेवून आले. माझी नात ऋतुजा त्यांचे लष्करातले कागद शोधत होती — दोन वर्षं नुसते अर्ज आणि ईमेल. गेल्या आठवड्यात कागद आले. घरात पेढे आले. अन् कागद वाचून सगळ्यांची तोंडं उतरली. काम — खेचरं हाकणं. ओळखीची खूण — उजवा कान खेचराच्या चाव्यानं तुटलेला.

"हे आपले न्हायतच," माझा लेक म्हणाला. "आपल्या आजोबांचा कान गोळीनं गेला. अख्ख्या गावाला माहीत आहे."

अख्ख्या गावाला कुणी सांगितलं होतं?

थांबा, जरा दमानं येते त्यावर.

मी तेव्हा सोळा वर्षांची, नवी नवरी, माहेर मुरुम गावचं, सातवी पास. तोरा एवढा की ज्वारी खुरपतानासुद्धा कमरेला हातरुमाल. शेजारची एक सून खुरपायची पात धरली की सुरू व्हायची — तिच्या सासऱ्यानं रझाकारांच्या काळात बंदूक कशी चालवली. रोज तेच. आणि आमचे मामंजी? संध्याकाळी ओट्यावर पोरांना खेचरांच्या गोष्टी सांगायचे. एक खेचर म्हणे मराठीत शिवी दिली तरच चढ चढायचं. दुसऱ्यानं बिस्किटाच्या नादात त्यांचा कानच खाल्ला. पोरं हसून लोळायची, अन् मी आत भाकरी थापत लाजेनं अर्धी व्हायची. एक दिवस पातीवर मी बोलून गेले — आमच्या मामंजींचा कान जर्मनाच्या गोळीनं गेला. बायांची खुरपी थांबली. काय सुख झालं म्हणून सांगू!

गोळी आठ दिवसांत गावभर फिरली. पंधरा ऑगस्टला शाळेनं मामंजींना झेंडावंदनाला बोलावलं, गुरुजींनी भाषणात ती गोळी रंगवून सांगितली. मामंजी खाली मान घालून बसले म्हणे. घरी आले. तेव्हा सासरा सुनेशी थेट बोलत नसे; माझ्यादेखत सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला सांग, त्या गोळीला लई दात होते म्हणावं."

बस्स, एवढंच. मिशीत हसत होते. मी पदर नाकापर्यंत ओढला. सून गावात खोटी पडू नये म्हणून त्या माणसानं ती गोळी मरेपर्यंत कानावर वागवली. पण — इथंच माझी जीभ अडते — ओट्यावरच्या गोष्टी त्या दिवसापासून बंद झाल्या. गोळी खाल्लेल्या शूरानं खेचराची गंमत कुठल्या तोंडानं सांगायची?

परवा ऋतुजानं मला विचारलं, कानाचं काय आठवतं. तर ही सत्तरी ओलांडलेली सातवी पास म्हणते कशी — "आमी पदराआड असायचो बाई, सासऱ्याच्या कानाकडं कोण बघतंय?" तिनं मान हलवली. कागद दुसऱ्याच माणसाचे आहेत, परत घ्या, असं लष्कराला पत्र तिनं लिहून ठेवलंय. उद्या टपालात जाईल.

म्हणून हे लिहून त्या पत्रावर ठेवते. कागद आपलेच आहेत, ऋतुजा. कान खेचरानंच खाल्ला. गोळी मी मारली.

त्यांच्या गोष्टी एकूण किती होत्या, मला माहीत नाही. चुलीपुढून मी अडीच ऐकल्या. दोन वर लिहिल्या. अर्धी ती बर्फातली — अरुंद वाट, खाली दरी, खेचर पुढं जाईना की मागं फिरेना, आणि मामंजी त्याच्याजवळ वाकून काहीतरी बोलले. काय बोलले, ते पोरांना उद्या सांगतो म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता.