मंगळाच्या राजाचा दुसरा भाग

आपला सिनेमा आपण आधी पाहून घ्यावा, एवढी अक्कल मला तो सगळ्यांना दाखवून झाल्यावर आली.

मंगळावरच्या राजाचा पहिला भाग मी मोबाइलवर काढला होता. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीत तो चालला, म्हणजे कोणी उठून गेलं नाही (घरात बसवून दाराला कडी मीच लावली होती!). म्हणून दुसरा भाग जंगी करायचा ठरला. हिरो अर्थातच मी. राजा झाले माझे सासरे. मामाजी एसटीतले निवृत्त कंडक्टर. आवाज असा, की माइकच नको!

अंगाला चांदीचा कागद, डोक्यावर भात शिजवायचा पालथा गंज, अशा थाटात मामाजींना भर दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी उभं केलं. वाक्य एकच होतं : "पृथ्वीवासीयांनो, शरण या!"

मामाजी गरजले, "पृथ्वीवाले, सरका पुढं!"

"मामाजी, 'शरण या' म्हना."

"तेच तं म्हनून राह्यलो!"

असं सतरा वेळा! शेवटी मी मोबाइल दगडावर टेकवला आणि त्याच्यासमोरच बायकोला बाजूला घेतलं.

"तुह्या बापाले खरंच मंगळावर सोडून येतो मी! तिथल्या लोकायलेही दोन दिवसांत वापस करावं वाटन!"

"हळू बोला नं! कॅमेरा बंद हाय का?"

"हाव, बंद हाय."

बंद नव्हता!

सगळं चित्रण मी मलकापूरला मेव्हणीकडे जोडायला पाठवलं. तिने एक तुकडा वाया जाऊ दिला नाही.

रविवारी समाजमंदिरात पांढरी चादर बांधली. सासरचं झाडून सगळं गणगोत हजर. पहिल्या रांगेत कोट घालून मामाजी. आणि अचानक चादरभर माझं तोंड : "तुह्या बापाले..."

मी धावत जाऊन प्रोजेक्टरचा समजून प्लग उपसला. तो पंख्यांचा निघाला! घरघर थांबली आणि उरलेलं वाक्य मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं.

 मामाजी उठले.

"जवाईबापू!"

"जी..."

"पुन्हा लावा तेवढं."

तीनदा लावलं! तिसऱ्यांदा तर मामाजीच पोट धरून हसत होते. मागून कोणी ओरडलं, "पिच्चर समजला नाई बे, पन जवायाचं काम एकदम असली!"

हिरोगिरीसाठी मी महिनाभर आरशासमोर घाम गाळला होता. जन्मात पहिल्यांदा टाळ्या पडल्या, त्या मी प्रोजेक्टरच्या टेबलाखाली बसून ऐकल्या.